विजेची गिटार आणि तिचा कान

सतारिया घोडीच्या अगदी जवळ नखी मारतो तेव्हा नाद तीक्ष्ण निघतो, आणि हात थोडा दूर सरकला की तोच स्वर गोलसर होतो, हे आपणांपैकी पुष्कळांनी ऐकले असेल. विजेच्या गिटारीत हा खेळ हाताखेरीज आणखी एका वस्तूच्या स्वाधीन केलेला आहे. तिला पिकअप म्हणतात.

माझा एक विद्यार्थी वर्षभर शिकवण्या करून साठविलेले पैसे घेऊन परवा माझ्याकडे आला. त्याच्या गिटारीचा आवाज त्याला पातळ वाटत होता. तेव्हा अधिक वेढ्यांचा, अधिक जोरदार पिकअप विकत घ्यावा काय, असा त्याचा प्रश्न होता.

पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते व वेढ्यांत क्षीण वीज उत्पन्न होते. फॅरडेने १८३१ साली दाखविलेला नियम तो हाच. अमेरिकेत जॉर्ज बीचम यांनी त्याच्या आधारे १९३१ साली गिटारीचा पिकअप घडविला. हा कान हवेतील नाद ऐकत नाही. तो तारेची हालचालच टिपतो. म्हणूनच नायलॉनची तार त्याला मुळीच सापडत नाही.

आता तो कोठे बसविला आहे, यावर फार अवलंबून असते. तार एकाच वेळी सबंध लांबीने थरथरते आणि अर्ध्याने, तृतीयांशाने, चतुर्थांशानेही थरथरते. या लहान थरथरींतून उपस्वर निर्माण होतात. घोडीपाशी मूळ स्वराचे आंदोलन अगदी लहान असते, म्हणून तेथील पिकअपला उपस्वर प्रमाणाने अधिक मिळतात व नाद धारदार होतो. दांडीकडील पिकअपला मूळ स्वर भरपूर मिळतो. पिकअप तारेच्या नेमक्या चतुर्थांशावर असेल, तर मोकळ्या तारेचा चौपट कंपसंख्येचा उपस्वर त्याला ऐकूच येत नाही, कारण त्या बिंदूवर तो स्थिर असतो! बोट पडद्यावर टेकले की तारेची लांबी बदलते आणि हा हिशेबही बदलतो.

१९५४ च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीत असे तीन पिकअप होते व कळीला तीनच जागा होत्या. वादकांनी ती कळ दोन जागांच्या मध्ये अडकवून नवाच नाद शोधून काढला. कारखान्याने पाच जागांची कळ दिली ती १९७७ साली.

एकाच वेटोळ्याच्या पिकअपला एक खोड असते. घरातील विजेच्या प्रवाहाची घूं-घूं तो तारेच्या स्वराबरोबरच उचलतो. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी यावर दोन वेटोळी शेजारी ठेवण्याचा उपाय काढला. दुसऱ्याचे चुंबकही उलटे आणि वेढ्यांची दिशाही उलटी. तारेचा स्वर दोहोंत मिळून वाढतो. बाहेरची घूं-घूं मात्र परस्परांना खोडून काढते. १९५५ साली पेटंटासाठी अर्ज झाला आणि १९५७ साली हे पिकअप गिटारींवर आले. परंतु शांततेची किंमत द्यावी लागली. दोन वेटोळी तारेच्या दोन जागा टिपतात, त्यामुळे काही उंच उपस्वर मावळतात. एकामागे एक जोडलेल्या वेढ्यांमुळे तकाकीही खाली उतरते. नाद भरदार होतो, पण काचेसारखा स्वच्छ राहत नाही. ज्याला एकट्या स्वराची चमक हवी, त्याने थोडी घूं-घूं सोसावी, असे माझे मत आहे.

वेढे वाढविण्याचेही तसेच. वीज वाढते, पण उंच स्वर बोथट होतात. माझ्या विद्यार्थ्याला हेच सांगितले आणि मग त्याची गिटार पाहिली. कळ सदैव घोडीकडील पिकअपवर ठेवलेली, आणि तो पिकअप पार खोल बसलेला. स्क्रू थोडे फिरवून तो वर घेतला, कळ मधल्या जागी आणली, आणि मुलाने पुन्हा वाजवून पाहिले. त्याचे पैसे अद्याप त्याच्याच जवळ आहेत. घरी जाऊन त्याने उत्साहाच्या भरात दांडीकडील पिकअपही थेट तारांना भिडेल इतका वर आणला. तेव्हा चुंबक तारा ओढू लागले, स्वर डळमळू लागले व लवकर विझू लागले. दुसऱ्या दिवशी तो स्क्रू आम्ही पुन्हा दोन वळसे खाली घेतला.