वसईचा कोट आणि समुद्रावरील झगडा

वसईचें नांव निघालें कीं, चिमाजीअप्पांची १७३९ ची मोहीम आपणांस आठवते, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या सत्तेचा हा कोट होता, तिचें बळ समुद्रावर शंभर वर्षें आधींपासूनच झिजत आलें होतें, हें सहसा कोणी ध्यानांत घेत नाहीं.

१५३४ त गुजराथच्या बहादूरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली. त्यांचा परवाना घेतल्यावांचून या किनाऱ्यावर व्यापारी गलबतांस निर्धास्त फिरतां येत नसे. या मक्तेदारीस मोठा धक्का १६१२ त सुरतेजवळ सुवाळी येथें बसला. शिडांच्या त्या काळीं वाऱ्याच्या अंगास राहणारा हल्ल्याची वेळ ठरवी. तोफा जहाजाच्या दोन्ही कुशींस असत. म्हणून संख्येपेक्षां कौशल्य श्रेष्ठ ठरे. इंग्रजांच्या दोनच जहाजांनीं तेथें पोर्तुगीज आरमारास दाद दिली नाहीं. १६२२ त होर्मुझ गेलें. १६२६ त इंग्रज व वलंदेज यांनीं मिळून मुंबईस जाळपोळ केली. पुढें वलंदेजांनीं १६४१ त मलाक्का, १६५६ त कोलंबो व १६६३ त कोचीन घेतलें.

अशा क्षीण सत्तेच्या वसईस मराठ्यांनीं वेढा घातला, तेव्हां मुंबईकर इंग्रजांनीं तारण ठेवून घेऊन थोडें कर्ज दिलें. सैन्य दिलें नाहीं. सुरुंगांनीं बुरूज फुटले आणि मे महिन्यांत कोट आपल्या हातीं आला.

भूमि जिंकली, समुद्र मात्र इंग्रजांकडेच राहिला. त्याच वसईंत ३१ डिसेंबर १८०२ रोजीं दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांशीं तह केला. कोट पाहावयास जाणाऱ्यानें या दोन्ही तारखा एकत्र स्मराव्या.