चार पोस्टकार्डांवरची मोटार

भौतिकशास्त्रातला एक धडा मी एकदा वर्गात नव्हे, तर घाटातल्या एका वळणावर शिकलो. तो तुम्हांला सांगावा म्हणून हा लेख.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. घरची द्राक्षाची बाग, स्वभावाने हौशी. त्याने एक जुनी लहान मोटार विकत घेतली आणि तिला 'स्पोर्ट्स कार' करावयाचे मनावर घेतले. शर्यतीच्या मोटारी जमिनीला टेकल्यासारख्या दिसतात, म्हणून एका गॅरेजमधून पुढच्या दोन्ही स्प्रिंगांचे दोन-दोन वेढे कापून घेतले. शर्यतीच्या मोटारींचे टायर रुंद असतात, म्हणून मूळ मापापेक्षा रुंद आणि बुटके टायर बसविले. गाडी दिसू लागली मोठी झोकदार! दिवाळीच्या सुट्टीत ती दाखवायला तो घरी आला आणि म्हणाला, "सर, चला, पेठ रस्त्याने सावळघाटापर्यंत चक्कर मारून येऊ."

पावसाळा नुकताच संपला होता. रस्ता कोरडा होता, पण जागोजागी ठिगळे लावलेली होती. घाटात उजवीकडचे एक वळण आले. वेग काही फार नव्हता. त्याने चाक फिरविले, एवढ्यात पुढची चाके एका ठिगळावर आदळली, खालून 'धाड्' असा आवाज झाला आणि गाडी वळायचे सोडून सरळ बाहेरच्या कठड्याकडे निघाली! त्याने घाबरून चाक आणखी फिरविले, तरी काही उपयोग होईना. शेवटी वेग कमी झाला तेव्हा कुठे टायरांनी रस्ता धरला आणि कठड्यापासून दोन हातांवर आम्ही थांबलो. मागून येणाऱ्या एस. टी.च्या चालकाने कसाबसा ब्रेक लावला आणि आम्हांला चार शब्द सुनावले. ते आम्ही निमूटपणे ऐकून घेतले.

थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग तो म्हणाला, "सर, शर्यतीच्या गाडीला करतात तेच मी केले. मग गाडी सुधारायची सोडून बिघडली कशी?"

प्रश्न योग्य होता. त्याचे उत्तर आपण पायरीपायरीने शोधू.

रस्त्याला टेकलेला भाग केवढा?

मोटार रस्त्याला किती जागेत टेकलेली असते? अंदाज करा पाहू. पेट्रोलपंपावर टायरमध्ये हवा भरताना '२८' किंवा '३०' असा आकडा सांगतात, तो तुम्ही ऐकला असेल. हा दाब पौंड प्रति चौरस इंचात असतो. २८ म्हणजे जवळजवळ २ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर. आता माणसांसह १००० किलोग्रॅम वजनाची मोटार घेऊ. हे वजन टायरमधल्या हवेच्या दाबावर तोललेले असते, म्हणून टेकलेले क्षेत्रफळ १००० ÷ २, म्हणजे ५०० चौरस सेंटिमीटर. एका चाकाच्या वाट्याला १२५. टायरच्या बाजूच्या भिंतीही थोडा भार उचलतात, त्यामुळे हा हिशेब अगदी काटेकोर नाही. पण अंदाजाला पुरेसा आहे.

१२५ चौरस सेंटिमीटर म्हणजे केवढी जागा? टपालाचे साधे पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद असते. गुणाकार करा: १२६! म्हणजे मोटार कितीही मोठ्या ऐटीची असो, तिचे धावणे, वळणे आणि थांबणे हे सारे या चार पोस्टकार्डांच्या जिवावर चालते.

येथे एक गंमत पाहा. रुंद टायर बसविला, पण वजन आणि हवेचा दाब तोच ठेवला, तर टेकलेले क्षेत्रफळ फारसे वाढत नाही. नुसता आकार बदलतो. उभे पोस्टकार्ड आडवे होते, एवढेच. हा आडवा आकार वळताना थोडा उपयोगी पडतो, कारण बाजूचा ताण रबरावर जास्त सारखा वाटला जातो. परंतु "टायर दीडपट रुंद, म्हणून पकड दीडपट" हा हिशेब मात्र चूक आहे.

मग स्पोर्ट्स कारच्या टायरची पकड जास्त का असते? त्याचे मुख्य कारण रबराची जात. हे रबर मऊ असते. रस्त्याच्या बारीक खडबडीत ते रुतून बसते आणि निसटताना ऊर्जा शोषून घेते. याची किंमतही मोजावी लागते. असे टायर लवकर झिजतात, आणि खास शर्यतीचे टायर तर चांगले तापल्याशिवाय पुरेशी पकड देतच नाहीत.

वळणाचे गणित

दोरीला दगड बांधून फिरविला, की दोरी त्याला सतत आत ओढते, हे तुम्हांला ठाऊक आहे. या बलाला अभिकेंद्री बल म्हणतात. मोटारीला अशी दोरी नसते. टायर आणि रस्ता यांमधले घर्षण हीच तिची दोरी. लागणारे बल = वस्तुमान × वेगाचा वर्ग ÷ त्रिज्या. मिळू शकणारे जास्तीत जास्त बल = घर्षण गुणांक × वजन. ही दोन्ही सारखी मांडली, की वस्तुमान दोन्हीकडून उडते आणि उरते ते असे: वेगाचा वर्ग = घर्षण गुणांक × गुरुत्वीय त्वरण × त्रिज्या.

घाटातले ३० मीटर त्रिज्येचे सपाट वळण घ्या. कोरड्या रस्त्यावर साध्या चांगल्या टायरचा घर्षण गुणांक ०.८ धरू. उत्तर येते ताशी सुमारे ५५ किलोमीटर. त्यापुढे गाडी घसरणार. आता मऊ रबराचे महाग टायर लावले आणि गुणांक १ झाला. उत्तर येते ताशी ६२. पकड सव्वापट झाली, वेग मात्र फक्त ७ किलोमीटरने वाढला! कारण सूत्रात वेगाचा वर्ग आहे. उलट, टायर झिजलेले आहेत, रस्ता ओला आहे आणि गुणांक ०.४ वर आला, तर मर्यादा ताशी ३९ वर उतरते. म्हणजे ज्या वळणावरून तुम्ही काल ४५ च्या वेगाने सुखरूप गेलात, तेच वळण आज पावसात त्याच वेगाने घेतले, तर गाडी रस्ता सोडील. पैसे खर्चून वेग वाढतो थोडा. दुर्लक्षाने सुरक्षितता जाते फार.

टायरवरची नक्षी कशासाठी असते, हे आता लक्षात येईल. कोरड्या शर्यतीच्या मार्गावर अगदी गुळगुळीत टायर वापरतात, कारण तेथे जितके रबर टेकेल तितके चांगले. पण पाऊस आला, की पाण्याला बाहेर पडायला वाट हवी. ती वाट म्हणजे या खाचा. वाट नसेल तर टायर पाण्याच्या थरावर चढतो आणि पोस्टकार्ड रस्त्यापासून सुटते. म्हणून मोटारीच्या टायरच्या मुख्य खाचांमध्ये १.६ मिलिमीटर उंचीचे लहान उंचवटे ठेवलेले असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला, की तो बदललाच पाहिजे.

भार इकडून तिकडे

आता गाडीच्या सांगाड्याकडे वळू. गाडी उजवीकडे वळते तेव्हा आपण डावीकडे कलतो, गाडीही कलते. आतल्या चाकांवरचा भार कमी होतो आणि तेवढाच बाहेरच्या चाकांवर वाढतो. किती? घर्षणाचे बाजूचे बल × गुरुत्वमध्याची उंची ÷ डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर. आपल्या १००० किलोच्या गाडीवर वजनाच्या निम्मे, म्हणजे ५०० किलोग्रॅम-भार एवढे बल लागले. गुरुत्वमध्य अर्ध्या मीटरवर आणि चाकांमधले अंतर १.४ मीटर असेल, तर सुमारे १८० किलो भार सरकतो. बाहेरची दोन चाके ६८० किलो पेलतात आणि आतली दोन ३२०.

या सूत्रात गुरुत्वमध्याची उंची आहे, हे नीट पाहून ठेवा. आपल्या नाशिकला सातपूरच्या महिंद्र कारखान्यात बोलेरो, स्कॉर्पिओ अशा उंच गाड्या तयार होतात. खेड्यातल्या वाटेवर त्यांची उंची हाच गुण असतो. पण वळणावर त्या जास्त कलतात, म्हणून त्या सावकाश वळवाव्या लागतात. स्पोर्ट्स कार बुटकी करतात ती केवळ दिसण्यासाठी नव्हे, भार कमी सरकावा म्हणून.

आणि या सूत्रात काय नाही? स्प्रिंगचा कडकपणा नाही! स्प्रिंग कितीही कडक केली, तरी एकूण सरकणारा भार जवळजवळ तोच राहतो. मग कडक स्प्रिंगने काय साधते? गाडीचा डोलारा कमी हलतो, चाके रस्त्याशी ठरावीक कोनात राहतात, आणि मुख्य म्हणजे सरकणाऱ्या भारापैकी पुढच्या चाकांकडे किती आणि मागच्यांकडे किती, याची वाटणी ठरते. जी बाजू कडक, तिच्याकडे मोठा वाटा.

या वाटणीला महत्त्व आहे, कारण रबराचा एक विचित्र स्वभाव आहे. त्याच्यावरचा भार दुप्पट केला, तर पकड दुप्पट होत नाही. काहीशी कमीच भरते. द्राक्षे उतरविताना दोन मजुरांनी दोन-दोन क्रेट उचलले, तर काम झपाझप होते. एकाच्या डोक्यावर तीन आणि दुसऱ्याकडे एक दिला, तर क्रेट चारच, पण पहिला धापा टाकतो आणि दुसऱ्याची उरलेली शक्ती वाया जाते. टायरांच्या जोडीचे असेच आहे. पुढची बाजू फार कडक केली, तर पुढची जोडी आधी हार मानते आणि गाडी वळायचे सोडून सरळ जाते. मागची बाजू फार कडक केली, तर शेपूट बाहेर फेकले जाते आणि गाडी गिरकी घेते.

माझ्या विद्यार्थ्याने नेमक्या पुढच्याच स्प्रिंगा कापल्या होत्या!

कापलेली स्प्रिंग

तुम्हांला वाटेल, वेढे कमी केले तर स्प्रिंग दुबळी होईल. होते उलटेच. एक किलो वजनाने प्रत्येक वेढा समजा एक मिलिमीटर दबतो. आठ वेढ्यांची स्प्रिंग ८ मिलिमीटर दबेल, सहा वेढ्यांची ६ च. म्हणजे आठांतले दोन वेढे कापले, की कडकपणा एक-तृतीयांशाने वाढतो. शिवाय गाडी खाली बसल्याने चाकाला वर सरकायला जागाच उरत नाही. ठिगळावर चाक आदळले, ते वर जाऊन रबरी अडसराला थडकले. तोच तो 'धाड्' आवाज! त्या क्षणी पुढची बाजू स्प्रिंगवर नव्हतीच, ती जणू दगडावर होती. बाहेरच्या चाकावर एकदम भार पडला आणि पुढच्याच क्षणी चाक उसळून हवेत गेले. चाकावर भार नाही, तर घर्षण नाही. आणि घर्षण नाही, तर वळणे नाही. चालकाने मग चाक कितीही फिरवावे!

स्प्रिंगचे काम गाडीला मऊ बसविणे एवढेच नाही. खाली-वर होणाऱ्या रस्त्यावर पोस्टकार्ड सतत टेकवून ठेवणे हे तिचे खरे काम. तिच्या जोडीला शॉक ॲब्झॉर्बर असतो. गॅरेजमध्ये त्याला 'शॉकअप' म्हणतात. त्यातले तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि हेलकाव्याची ऊर्जा उष्णतेत जाते. तो नसता तर एका खड्ड्यानंतर गाडी कितीतरी वेळ डोलत राहिली असती. घरच्या गाडीची सांगाड्यासह लय सेकंदाला एक ते दीड हेलकावा असते. स्पोर्ट्स कारची सुमारे दोन. स्प्रिंग बदलली की शॉक ॲब्झॉर्बरही तिला जुळणारा लागतो. जुन्या शॉक ॲब्झॉर्बरवर कडक स्प्रिंग म्हणजे बैल जोरकस आणि वेसण कच्ची.

रस्ता सांगेल तसे

शर्यतीच्या मोटारी कडक आणि बुटक्या असतात, कारण त्यांचा मार्ग गुळगुळीत असतो. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाई येथील मार्गाला ते शोभते. पण शर्यतीचा दुसराही प्रकार आहे: रॅली. ती कच्च्या रस्त्यांवर होते. नाशिकच्या परिसरातही २०१० नंतरच्या दशकात 'रॅली ऑफ महाराष्ट्र' झाली. या मोटारीसुद्धा वेगाच्याच. पण मातीच्या वाटेसाठी त्या उंच केलेल्या असतात, चाकांना वर-खाली सरकायला भरपूर मोकळीक असते आणि टायर जाड भिंतीचे, ठळक नक्षीचे असतात. शर्यत एकाच नावाची, पण रस्ता बदलला की साज बदलला. आमच्या मित्राने गुळगुळीत मार्गाचा साज ठिगळांच्या घाटाला चढविला होता, तोही अर्धाच.

पुढे त्याने मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगा बसविल्या, चारही शॉक ॲब्झॉर्बर बदलले, योग्य मापाचे चांगले टायर घेतले आणि दर पंधरवड्याला हवा तपासू लागला. गाडी आता पूर्वीइतकी झोकदार दिसत नाही. त्याच वळणावरून आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा ठिगळावर गाडी किंचित दबली, सावरली आणि वळली. शिवाय या वेळी तिचा वेगही कमी होता. घाट ही शर्यतीची जागा नव्हे, हे त्याला कोणी सांगावे लागले नाही.

करून पाहा

सायकलच्या मागच्या चाकाला खडूची ओली पूड लावा. खाली आलेखकागद ठेवून चाक अलगद त्यावर टेकवा. मित्राला सीटवर बसवून, दोघांनी सायकल धरून, उमटलेल्या ठशातले चौरस मोजा. मग थोडी हवा सोडून तोच प्रयोग करा. ठसा वाढलेला दिसेल. हवेचा दाब आणि ठशाचे क्षेत्रफळ यांचा गुणाकार दोन्ही वेळा साधारण सारखाच येतो का, ते पाहा.

घरी मोटार असेल तर मोठ्यांना विचारून, ती सपाट जागी उभी असताना, एक कोपरा जोराने दाबून सोडा. गाडी वर येऊन स्थिर झाली तर ठीक. दोन-तीन वेळा डोलली, तर शॉक ॲब्झॉर्बर थकला आहे असे समजा. टायरच्या खाचांतले ते लहान उंचवटेही शोधा. ते झिजणाऱ्या रबराच्या पातळीला आलेले दिसले, तर त्याच दिवशी वडिलांना किंवा आईला सांगा. पावसाळ्याच्या आधी सांगितलेत, तर फारच उत्तम.