हरकत आहे? मग लेखी द्या!

शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की मुदतीचे दिवस मोजायला लागायचे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966च्या कलम 26नुसार कोणालाही लेखी हरकत घेता येते; त्यासाठी जमीनमालकच असावं लागत नाही. 'अन्याय झाला' एवढ्याने भागत नाही. सर्व्हे नंबर, नकाशावरचं आरक्षण, जागेवरची खरी स्थिती लिहावी. पोचपावती (ही हमखास विसरली जाते!) जपावी.

पुढे नियोजन समितीसमोर सुनावणी.

हरकतींनी काय होतं, ते मुंबईत दिसलं. फेब्रुवारी 2015मध्ये तिथला प्रारूप आराखडा आला आणि नकाशांतल्या चुका नागरिकांनीच शोधून काढल्या. आरे वसाहतीतल्या विकासाचा प्रस्तावही गाजला. हरकतींचा ढीग पडला. एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो आराखडाच रद्द केला. सुधारित प्रारूप मे 2016मध्ये आलं.