गल्ल्यामागचं बालपण

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणपतीचं विसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या भूकंपग्रस्त गावांमधली सुमारे 1,200 मुलं भारतीय जैन संघटनेनं शिक्षणासाठी पुण्यात आणली आणि वाघोलीत त्यांच्यासाठी निवासी संकुल उभं राहिलं. संघटनेचे संस्थापक शांतिलाल मुथ्था मूळचे बीड जिल्ह्याचे, स्वतः वसतिगृहात वाढलेले. पुण्यात बांधकाम व्यवसायात जम बसवल्यावर तरुणपणीच ते धंद्यातून बाजूला झाले. लहानपण पुढच्या धंद्याला वळण देतं, असा सिद्धांत एका माणसावरून मांडू नये, हे खरं. पण ती भूकंपग्रस्त मुलं आता चाळिशीच्या अलीकडं-पलीकडं आहेत. त्यांच्यातलं कुणी आज दुकान किंवा वर्कशॉप चालवत असेल, तर बँकेच्या कर्जाच्या कागदावर सही करताना त्या पहाटेचा काही वाटा असतो का?

प्रश्न हळवा वाटला तरी वित्तशास्त्रानं तो आकडेवारी घेऊन तपासला आहे. बर्निले, भागवत आणि राऊ या तीन संशोधकांनी अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांची जन्मगावं शोधली आणि ते पाच ते पंधरा वर्षांचे असताना त्या भागात भूकंप, पूर, वादळ अशी कोणती आपत्ती आली होती, ते पाहिलं. त्यांचा निबंध 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. लहानपणी आपत्ती पाहिली की माणूस घाबरट होतो, हा आपला साधा अंदाज. निष्कर्ष मात्र त्याहून चमत्कारिक निघाला. ज्यांनी आपत्ती पाहिली, पण फार मनुष्यहानी पाहिली नाही, ते पुढं अधिक धाडसी निघाले. त्यांच्या कंपन्यांनी कर्ज जास्त काढलं, हाताशी रोकड कमी ठेवली, दुसऱ्या कंपन्या विकत घेतल्या. ज्यांच्या भागात मृत्यूचं थैमान झालं होतं, ते उलट हात आखडून वागले. म्हणजे थोडक्यात निभावलेल्या संकटातून ‘यातूनही वाचतो माणूस’ हा धडा मिळतो आणि सगळं नेणाऱ्या संकटातून नेमका उलटा. हा सरासरीचा कल आहे, कुणाची कुंडली नव्हे. पण धाडस ही जन्मजात चीज आहे, असं मानणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.

आपत्ती जमिनीचीच असायला हवी असंही नाही. मालमेंडिअर आणि नागेल या अर्थतज्ज्ञांनी 2011 मध्ये दाखवलं की, ज्या पिढीनं आयुष्यात शेअर बाजाराची पडझड अनुभवली, ती पुढं कित्येक वर्षं शेअरपासून लांब राहते. त्याच सुमारास आलेल्या दुसऱ्या अभ्यासात, 1930 च्या महामंदीत वाढलेले कंपनीप्रमुख कर्जाला नाखूश असल्याचं दिसलं. आपल्याकडं या जागी 1972 चा दुष्काळ ठेवून पाहा. मिलोची भाकरी, सुकडी, दुष्काळी कामावरची खडी. त्या वर्षी खडी फोडलेल्या आईबापांचा मुलगा आज नगर रोडला खडीक्रशरचा किंवा चार डंपरचा मालक असू शकतो. ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. ते त्याच्या घरात जेवायला बसलेलं असतं. म्हणून व्याजदर कितीही उतरला तरी तो नवं मशीन रोखीनंच घेणार. बँकेचा अधिकारी याला अडाणीपणा समजतो. मला तो अनुभवातून आलेला शहाणपणा वाटतो, फक्त त्याची मुदत संपलेली असू शकते.

वाघोलीत याच्या उलट टोकाचा पैसाही आहे. 2021 मध्ये गाव पुणे महापालिकेत आलं, पण जमिनीचे भाव त्याच्या कितीतरी आधी चढले होते. जमीन विकून आलेल्या पैशावर उभा राहिलेला मालक ‘गुंठामंत्री’ म्हणून चेष्टेचा विषय होतो. चेष्टा सोपी आहे. रिचर्ड थेलर आणि एरिक जॉन्सन यांचे 1990 मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग सांगतात, की नुकतीच काही रक्कम जिंकलेला माणूस त्या पैशावर एरवी खेळला नसता असा डाव खेळतो, कारण मनाच्या खातेवहीत ती रक्कम ‘आपली’ म्हणून चढलेलीच नसते. त्याच प्रयोगांत हरलेला माणूस एरवी जपून खेळत होता. पण मुद्दल परत मिळण्याची आशा दिसली की तोही धोका पत्करत होता. बुडत्या हॉटेलात आणखी पाच लाख घालणारा हाच. बिझनेस स्कूलमधले विद्यार्थीही असेच वागले, तेव्हा दोष गुंठ्याचा नाही.

टंचाईचा परिणाम तर चालू महिन्यातही दिसतो. तमिळनाडूतल्या 464 ऊस उत्पादकांची बौद्धिक चाचणी तोडणीच्या आधी आणि नंतर घेतली गेली. माणसं तीच, पण तोडणीआधी, पैसे हातात नसताना, त्यांचे गुण कमी पडले. ‘सायन्स’मध्ये हा निबंध 2013 साली आला. आता धंद्याकडं या. लघुउद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं करावं, असा कायदा आपल्याकडं 2006 पासून आहे. बिल थकवणारा मोठा ग्राहक छोट्या मालकाची रोकडच नाही, निर्णय घेण्याची ताकदही अडकवून ठेवतो.

मग उपाय काय? पैशाचं ‘माइंडसेट’ बदलून देणारी शिबिरं सगळीकडं भरतात. त्यांच्या फीकडं पाहता मन बदलतं ते बहुधा आयोजकांचं. जास्त विश्वासाचा पुरावा डॉमिनिकन रिपब्लिकमधून आला आहे. तिथं छोट्या व्यावसायिकांच्या एका गटाला रीतसर हिशेबशास्त्र शिकवलं, दुसऱ्याला साधे ठोकताळे: धंद्याचा पैसा एका ड्रॉवरमध्ये, घरचा दुसऱ्यात, आणि एकातून दुसऱ्यात उचल केली की चिठ्ठी टाकायची. 2014 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. हिशेबशास्त्राचा म्हणावा असा परिणाम दिसला नाही. ठोकताळे शिकलेल्यांचा कारभार सुधारला आणि मंदीच्या आठवड्यांत त्यांची विक्री तुलनेनं सावरली. भीती असो की हाव, ड्रॉवरला तिच्याशी देणंघेणं नसतं.

म्हणून उद्या दुकान उघडाल, तेव्हा गल्ल्याशेजारी एक रिकामा डबा ठेवा. घरखर्चाला काढाल ते आधी त्यात टाका, आणि कधी गल्ल्यातून उचललंत तर चिठ्ठी लिहा. फोनवर येणाऱ्या पैशांसाठीही खाती दोन ठेवा.