मत आपले, सही कोणाची?

आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे काही पदरी पडले ते संघटनेच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. म्हणून राज्यकारभाराच्या प्रश्नाकडेही आम्ही संघटनेच्या दारातूनच पाहतो. पुष्कळ वर्षांमागे एका कारखान्यातील आमच्या शाखेने कार्यकारिणी निवडली. गुप्त मतदान, चोख मोजणी, कोणाची तक्रार नाही. वेतनाचा करार मात्र वरच्या संघटनेने केला आणि आमच्या खात्याचा रात्रपाळीचा भत्ता त्यात कोठेच नव्हता. मत आमचे, सही दुसऱ्याची! अर्धी स्वायत्तता म्हणजे काय, हे आम्हांस त्या दिवशी उमगले.

हाच प्रश्न एखाद्या प्रदेशापुढे उभा राहिला तर तो काय करतो? त्याचे उदाहरण उत्तर अटलांटिक समुद्रात आहे. स्कॉटलंड आणि आइसलंड यांच्या दरम्यान 18 फॅरो बेटे आहेत. वस्ती सुमारे 55,000, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम गावाएवढी. राज्य डेन्मार्कचे, भाषा स्वतःची आणि पोट मासळीवर. बाहेर जाणाऱ्या मालात 90 टक्क्यांहून अधिक मासळीच असते.

1940 साली जर्मनीने डेन्मार्क व्यापला आणि बेटांवर ब्रिटिश सैन्य उतरले. युद्ध संपेपर्यंत बेटकऱ्यांनी घरचा कारभार स्वतःच पाहिला. मग 14 सप्टेंबर 1946 रोजी लोकमत घेतले गेले. वेगळे व्हा म्हणणारे किंचित अधिक भरले. त्यांच्या लॉगटिंग नावाच्या विधिमंडळाने स्वातंत्र्य जाहीर केले. डेन्मार्कच्या राजाने ते विसर्जित केले. नव्या निवडणुकीत राहा म्हणणारांचे बहुमत झाले. अखेर वाटाघाटी होऊन 1948 साली स्वशासनाचा कायदा आला. दोन्ही पक्षांना पुरते समाधान नाही आणि दोघांनाही नाकारता येत नाही, अशी ती तडजोड होती. संघटनेत काम केलेल्यांना असे करार नवे नाहीत.

आता निवडणुकीची रीत पाहू. लॉगटिंगमध्ये 33 सभासद असतात आणि मुदत चार वर्षांची असते. पूर्वी सात मतदारसंघ होते. 2008 च्या निवडणुकीपासून सगळी बेटे मिळून एकच मतदारसंघ झाला. पक्षाला जितकी मते, त्या प्रमाणात जागा. मतदाराला दर वेळी दोन प्रश्न सोडवावे लागतात: श्रमिकांच्या बाजूचे की मालकांच्या, आणि डेन्मार्कसोबत की वेगळे? त्यामुळे डाव्या विचाराचे दोन पक्षसुद्धा दुसऱ्या प्रश्नावर परस्परांविरुद्ध उभे राहतात. शिवाय कोपनहेगनच्या 179 जणांच्या लोकसभेतही बेटांचे दोन प्रतिनिधी असतात. 179 मध्ये दोन! एवढ्या आवाजावर मासळीचा धंदा कसा राखायचा?

त्यांनी दोन वाटा काढल्या. 1973 साली डेन्मार्क युरोपच्या आर्थिक समुदायात गेला, तेव्हा आपल्या समुद्रावरचा हक्क जाईल म्हणून बेटे बाहेर राहिली. दुसरी वाट 2005 च्या कायद्याने मोकळी झाली. जो विषय सर्वस्वी बेटांच्या अखत्यारीत आहे आणि फक्त बेटांशीच संबंधित आहे, त्यावर परराष्ट्राशी करार करण्याचा अधिकार त्यांच्या सरकारला मिळाला. संरक्षण आणि सुरक्षा डेन्मार्ककडेच राहिली. त्याच वर्षी आइसलंडशी त्यांनी होयविक येथे मोठा व्यापारी करार केला. लंडन, ब्रुसेल्स, रेक्याविक अशा ठिकाणी त्यांच्या कचेऱ्या आहेत.

या व्यवस्थेची खरी कसोटी 2013 साली लागली. हेरिंग मासळीच्या वाटणीवरून तंटा झाला आणि बेटांनी आपला वाटा स्वतःच वाढवून घेतला. युरोपीय संघाने ऑगस्टमध्ये त्यांच्या हेरिंग आणि मॅकेरलला, म्हणजे आपल्या बांगड्याच्या नात्यातल्या मासळीला, बंदी केली. डेन्मार्क संघाचा सभासद. त्याला आपल्याच राज्यातील बेटांवर बहिष्कार पाळावा लागला. बेटांना दाद मागायची होती जागतिक व्यापार संघटनेकडे. पण तेथे सभासद डेन्मार्क! तेव्हा नोव्हेंबरमध्ये डेन्मार्कने ‘फॅरो बेटांच्या वतीने’ युरोपीय संघाविरुद्ध तक्रार दाखल केली. एका हाताने बंदी पाळायची आणि दुसऱ्या हाताने त्याच बंदीविरुद्ध अर्ज करायचा, असा हा प्रकार. 2014 च्या ऑगस्टमध्ये समेट होऊन बंदी उठली.

कोणी हसेल; आम्हांस मात्र यात शहाणपण दिसते. धाकट्याचे म्हणणे थोरल्याला पटले नाही तरी ते त्याच्याच नावाने पुढे मांडण्याची सोय आधी करून ठेवलेली होती. ती नसती तर मासळीच्या कारखान्यातील कामगाराला दाद मागण्यास दारच उरले नसते.

आमच्या शाखेने पुढच्या करारापूर्वी एकच अट घातली: बोलणी होतील तेथे आमचा एक माणूस बसेल आणि आमच्या खात्याचे कलम त्याला दाखवल्यावाचून सही होणार नाही. अट मान्य झाली, भत्ताही मिळाला. तेव्हा मंडळी, नगरपालिका असो, सहकारी सोसायटी असो वा कामगार संघटना, कोणी स्वायत्तता देऊ केली तर मतपेटी कोठे ठेवणार एवढेच विचारून थांबू नका. बाहेरच्याशी करार होईल तेव्हा सही कोणाची, हेही विचारा.