विजेरीची पारख

आषाढातील एका रात्री आमच्या खानापूर तालुक्यातील खेड्यात वीज गेली होती आणि गोठ्यात गाय सारखी हंबरत होती. आम्ही फळीवरची विजेरी उचलून कळ दाबली. पण उजेड पडला नाही. वर्षभर आत राहिलेले सेल पाझरून स्प्रिंग गंजून गेली होती. अखेर कंदील पेटवून निघालो, तो गोठ्याच्या उंबऱ्याशी मण्यार वेटोळे घालून बसलेली! कंदिलामुळे ती वेळीच दिसली. विजेरी किती प्रखर आहे यापेक्षा ती ऐनवेळी पेटते की नाही, हाच तिचा खरा कस होय, हे त्या रात्री आम्हांस उमगले.

विकत घेताना मात्र आपली दृष्टी वेष्टनावरील ल्यूमेनच्या आकड्यावर खिळते. ल्यूमेन हे विजेरीतून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप आहे. तो प्रकाश किती दूर जाईल, हे झोत किती एकवटलेला आहे यावर ठरते. २००९ साली अमेरिकेत ठरलेल्या एफएल-१ या मापनपद्धतीत झोताचा टप्पा म्हणजे उजेड पाव लक्स, अर्थात साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उरतो ते अंतर. म्हणजे टप्पा १०० मीटर असेल, तर तेथे केवळ चांदणेच असते; ५० मीटरवर उजेड त्याच्या चौपट असतो. त्याच पद्धतीत उजेड आरंभीच्या एकदशांशावर येईपर्यंतचा काळ हा विजेरी चालण्याचा काळ धरतात. यास्तव 'इतके तास चालते' हे शब्द वाचताना सावध असावे. शिवाय प्रखर उजेडाने लहान विजेरी तापते, म्हणून पुष्कळशा विजेऱ्या काही मिनिटांतच आपला उजेड आपणच कमी करतात. पायवाटेने चालण्यास मंद उजेड पुरतो व तो कितीतरी अधिक वेळ टिकतो. तेव्हा मंद आणि प्रखर असे दोन्ही टप्पे असलेली विजेरी निवडावी.

दुसरी गोष्ट सेलची. साधे पेन्सिल सेल खेड्यातील दुकानातही मिळतात, ही मोठी सोय होय. लिथियम-आयन सेलमध्ये शक्ती अधिक असते. त्यांपैकी १८६५० हा सेल १८ मिलिमीटर जाड व ६५ मिलिमीटर लांब असतो. नावातच त्याचे माप आहे. असा सुटा सेल नाण्यांबरोबर वा किल्ल्यांबरोबर खिशात कधीही ठेवू नये. दोन्ही टोके जोडली गेल्यास तो भयंकर तापतो व पेटूही शकतो. पावसाळ्यासाठी आयपीएक्स-४ ही खूण निदान असावी. ती उडणाऱ्या पाण्यापासून संरक्षण सांगते. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहूनही आत इजा पोहोचविणारे पाणी न शिरणे.

डोक्यावर बांधावयाच्या दिव्याने दोन्ही हात मोकळे राहतात. धार काढताना वा सायकलची साखळी बसविताना त्याचे मोल कळते. तो खाली झुकविता यावा, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतात. परंतु त्याचा प्रकाश डोळ्यांजवळूनच निघतो, म्हणून खड्ड्यांच्या सावल्या दिसत नाहीत व वाट सपाट भासते. धुक्यात तर तो उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो. अशा वेळी विजेरी कमरेपाशी धरून चालावे. सावल्या लांब पडतात आणि खड्डा, दगड किंवा साप लवकर ध्यानात येतो.

आता आमच्या घरी एक नियम झाला आहे. दर अमावास्येला विजेरी पेटवून पाहावयाची, स्प्रिंग कोरडी आहे ना हे तपासावयाचे आणि बरेच दिवस लागणार नसेल तर सेल काढून तिच्याशेजारीच ठेवावयाचे. हे काम घरातील सर्वांत धाकट्याकडे आहे, आणि त्याने ते अजून एकदाही चुकविलेले नाही.