एमसीबी पडत नाही, तरी वायर जळते कशी?

सोफ्याच्या पायाखाली दबलेली वायर किंवा सॉकेटमधला सैल स्क्रू. आत बारीक ठिणग्या उडतात, इन्सुलेशन काळं पडतं, जळका वास येतो. एमसीबी मात्र पडत नाही. कारण तिला कळतो तो फक्त जास्तीचा करंट. सैल जोडणीत ठिणगी उडताना करंट हिटरच्या नेहमीच्या करंटपेक्षा वाढतच नाही. गळती नसेल तर आरसीसीबीही गप्प!

अमेरिकेत यावर आर्क-फॉल्ट ब्रेकर असतो. तिथल्या राष्ट्रीय विद्युत संहितेने तो आधी बेडरूमसाठी आणला, १९९९ च्या आवृत्तीत. करंटच्या लहरीतली ठिणगीची खूण ओळखून तो वीज तोडतो.

तो शाबूत आहे का, हे पाहायला ‘टेस्ट’ बटण असतं. महिन्यातून एकदा, वीज चालू असताना दाबायचं (कॉम्प्युटर आधी बंद केलेला बरा). आतल्या सर्किटला नकली ठिणगीचा सिग्नल मिळतो आणि ब्रेकर पडतो. नाही पडला तर बदलायचा. सॉकेटमध्ये लावायचे टेस्टरही मिळतात, पण भरवसा बटणावरच ठेवायचा.

बटण ब्रेकर तपासतं, वायरिंग नाही. व्हॅक्यूम क्लीनरमुळे तो कधी उगाच पडतो, हे खरं. पण म्हणून वैतागून साधा ब्रेकर बसवून घेणं धोक्याचं. एकेक उपकरण काढून पाहावं; सगळी काढूनही पडत असेल, तर इलेक्ट्रिशियनकडून वायरिंग आणि ब्रेकर दोन्ही तपासून घ्यावेत.

आपल्याकडे घरात बहुधा एमसीबी आणि आरसीसीबीच असतात. आरसीसीबीवरचं ‘टी’ बटणही दर महिन्याला दाबावं. मात्र ते गळतीसाठी आहे, ठिणगीसाठी नाही.